मुखपृष्ठाचे पैसे: चित्रकाराशी काय ठरवायचं, किती द्यायचं आणि केव्हा

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी चित्रकाराला मी फोनवर म्हटलं होतं, “पैशांचं आपण नंतर बघू, तुम्ही आधी चित्र तर काढा.” तेही भिडस्त, “बरं” म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांत मी तीनदा मत बदललं. आधी खिडकी हवी होती, मग रिकामी खुर्ची, मग पुन्हा खिडकीच, पण संध्याकाळची. प्रत्येक वेळी त्यांनी पूर्ण चित्र रंगवून पाठवलं. पुस्तक छापून आल्यावर मी माझ्या मनानं एक रक्कम पाकिटात घालून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी पाकीट उघडलं नाही, खिशात ठेवलं, प्रत चाळली आणि निघून गेले. दुसऱ्या पुस्तकासाठी फोन केला तेव्हा म्हणाले, “सध्या जमणार नाही.”

का जमणार नव्हतं, ते मला पुढे स्वतः इतरांची पुस्तकं छपाईपर्यंत नेऊन द्यायला लागल्यावर नीट उमगलं. त्यांच्या महिनाभराच्या कामाचा भाव मी त्यांना न विचारता ठरवला होता. म्हणून आता पहिल्यांदाच स्वतःचं पुस्तक काढणारं कोणी भेटलं की मी हेच सांगतो: पेन्सिल कागदाला लागण्याआधी पैशांचं बोलणं पुरं झालं पाहिजे. ते कसं करायचं, ते इथे क्रमानं लिहितो आहे.

पैसे नेमके कशाचे?

आपल्याकडे ‘मानधन’ हा शब्द फार सैल वापरला जातो. मानधन म्हटलं की देणाऱ्याला वाटतं आपण सन्मान करतोय, आणि घेणाऱ्याला तोंड उघडून आकडा सांगता येत नाही. मुखपृष्ठाच्या बाबतीत हा शब्द बाजूला ठेवा. ‘मोबदला’ म्हणा किंवा सरळ ‘फी’ म्हणा.

या फीमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे काम: विचार, कच्ची रेखाटनं, रंगकाम, दुरुस्त्या, फाइल तयार करणं. दुसरी म्हणजे वापराची परवानगी: ते चित्र तुम्ही कुठे, किती काळ आणि कशाकशावर छापणार. पहिल्याचं मोजमाप वेळेत होतं, दुसऱ्याचं पसाऱ्यात. एकच चित्र एका छोट्या कवितासंग्रहावर जाणार असेल तर एक रक्कम, आणि तेच छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओबुक, पोस्टर, टी-शर्ट या सगळ्यांवर जाणार असेल तर वेगळी. “एवढंच चित्र आणि एवढे पैसे?” असं ज्यांना वाटतं, त्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा हा दुसरा भाग सुटलेला असतो.

आधी ठरवा, माणूस कोणता हवा

चित्र काढणं, शीर्षकाची अक्षरं घडवणं आणि पुढचं पान, कणा (पुस्तक कपाटात उभं केल्यावर दिसणारी कड), मलपृष्ठ (मागचं पान) यांची मांडणी करून छपाईची फाइल बनवणं ही तीन कामं आहेत. तिन्ही करणारी माणसं आहेत, पण कमी. उत्तम जलरंग करणारा चित्रकार बारकोडची जागा सोडून मलपृष्ठाची फाइल बनवू शकेलच असं नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा धरणंही बरोबर नाही. तेव्हा विचारतानाच विचारा: “फक्त चित्र, की मांडणीसकट?” चित्रकार आणि मांडणीकार वेगळे असतील तर दोघांची फी वेगळी धरा आणि दोघांची गाठ सुरुवातीलाच घालून द्या. शीर्षकाला जागा न सोडता काढलेलं सुंदर चित्र मुखपृष्ठ म्हणून फसतं, आणि मग मांडणीकार चित्रावर पट्टी मारून अक्षरं बसवतो.

पैसे अगदीच थोडे असतील तर तयार मुखपृष्ठं विकणारे कलाकार असतात. चित्र आधीच काढलेलं, फक्त नाव बदलून मिळतं. ते चित्र तुम्हाला दिल्यावर पुन्हा दुसऱ्याला विकलं जाणार नाही ना, एवढं लेखी घ्या. यात कमीपणा काही नाही. अर्ध्या पैशांत मोठं काम करून मागण्यापेक्षा हे कितीतरी सचोटीचं.

रक्कम कशी ठरते

कोणी विचारतं, “साधारण किती द्यावेत?” याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, पण आकडा कशानं वर-खाली होतो ते सांगता येतं. धुक्यात पाठमोरी उभी असलेली एक आकृती आणि बारा ओळखू येणारे चेहरे असलेला बाजार, दोन्ही एकाच आकाराच्या कागदावर मावतात. पहिलं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं, दुसऱ्याला तीन आठवडे लागू शकतात. माणसांची संख्या, पार्श्वभूमीचा तपशील, माध्यम, चित्र फक्त पुढे हवं की मलपृष्ठापर्यंत सलग, अक्षरं हातानं घडवायची का, आणि घाई किती, यावर रक्कम हलते. दहा दिवसांत हवं असेल तर चित्रकाराला दुसरं काम मागे सारावं लागतं. त्याचे पैसे वेगळे मागितले तर ते रास्त आहेत.

तुमच्या बाजूनं हिशेब असा करा. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, छपाई, प्रचार हा सगळा खर्च एका कागदावर मांडा आणि त्यात मुखपृष्ठाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. बहुतेकांच्या कागदावर तो शेवटी येतो, छपाईचे पैसे भरून झाल्यावर उरेल त्यातून. आणि हा रकाना ‘किती प्रती खपतील’ यावर ठेवू नका. खपाचा धोका तुमचा आहे. चित्रकारानं काम केलं की त्याचं काम झालं.

ठरवलेली रक्कम चित्रकाराच्या फीपेक्षा कमी पडत असेल तर फी पाडून मागू नका, काम कमी करा. “तुमच्या निम्म्या दरात होईल का?” याऐवजी “माझ्याकडे एवढे आहेत, यात काय बसेल?” असं विचारून बघा. मी बघितलंय, उत्तर येतं: “पूर्ण रंगीत नाही जमणार, पण दोन रंगांत रेषाचित्र देतो.” त्या दोन रंगांतून कधीकधी असं मुखपृष्ठ निघतं की पूर्ण रंगीत का हवं होतं हेच आपण विसरतो.

रॉयल्टीतला वाटा द्यावा का? शब्दांइतकीच चित्रं असलेलं मुलांचं पुस्तक किंवा चित्रकादंबरी असेल तर जरूर, तिथे चित्रकार सहलेखकच असतो. एका मुखपृष्ठासाठी मात्र मी नको म्हणतो. वर्षानुवर्षं हिशेब ठेवावा लागतो, दर वेळी आकडे दाखवावे लागतात, आणि विक्री कमी झाली की एकानं न केलेल्या चुकीचा भार दोघांवर येतो. त्यापेक्षा ठरावीक फी द्या आणि पुस्तक खपलंच तर चित्रकारालाही काही मिळावं असं मनापासून वाटत असेल तर ‘प्रत्येक नव्या छपाईला अमुक रक्कम’ असं कलम घाला. मोजायला सोपं, निभवायलाही सोपं.

“पुस्तकामुळे तुमचं नाव होईल” हे वाक्य मोबदल्याच्या जागी कधीही वापरू नका. पाच चित्रकारांना फुकट नमुने काढायला सांगून त्यातला एक निवडणंही नको. चौघांचा वेळ वाया जातो आणि तो तुमच्या पुस्तकासाठी वाया गेलेला असतो. निवड करायची तर त्यांची आधीची कामं बघून करा. अगदीच शंका असेल तर एका कच्च्या रेखाटनाचे पैसे द्या आणि मग ठरवा.

ओळखीतला, नात्यातला चित्रकार असला तरी हे सगळं तसंच. त्याला खरोखर भेट म्हणून चित्र द्यायचं असेल तर आनंदानं घ्या, पण ‘हे चित्र भेट आहे, वापर अमुक इतका’ एवढ्या दोन ओळी लिहून ठेवा.

पहिलं पत्र

विचारणा जितकी नेमकी, तितकं उत्तर लवकर. “मुखपृष्ठ करायचंय, किती घ्याल?” या निरोपाला कोणताही चित्रकार प्रामाणिक आकडा सांगू शकत नाही. मी लिहितो ते पत्र साधारण असं असतं:

“नमस्कार. तुमची नदीकाठची काळी-पांढरी चित्रमालिका पाहिली. त्यातला पाण्याचा शांतपणा माझ्या कादंबरीला हवा आहे. पुस्तक साधारण २४० पानांचं, ५.५ × ८.५ इंच आकाराचं, छापील आणि ई-बुक असं दोन्ही येईल. पुढचं पान, कणा आणि मलपृष्ठ हवं आहे. चित्र तुमचं, अक्षरं आणि मांडणी तुम्ही करत असाल तर तेही, नाहीतर मी मांडणीकार बघतो. अंतिम फाइल अमुक तारखेला लागेल. चित्राचा वापर या पुस्तकाच्या सर्व आवृत्त्यांत आणि पुस्तकाच्या जाहिरातीत होईल, इतर वस्तूंवर नाही. माझी तयारी अमुक ते अमुक रकमेची आहे. यात बसत नसेल तर किती लागेल ते मोकळेपणानं सांगा. कथेचा दोन पानी सारांश सोबत जोडला आहे.”

यातलं रकमेचं वाक्य लिहिताना लोकांचा हात अडखळतो. आकडा आधी सांगितला तर आपण फसू असं वाटतं. अनुभव उलटा आहे. आकडा सांगितला की ज्यांना परवडत नाही ते लगेच आणि आदरानं नाही म्हणतात, आणि ज्यांना परवडतं ते कामाबद्दल बोलायला लागतात. पहिलं वाक्यही महत्त्वाचं. चित्रकाराचं काम तुम्ही खरंच पाहिलंय हे त्यातून कळतं, आणि कोणत्या शैलीत हवंय हेही निराळं सांगावं लागत नाही.

हप्ते आणि दुरुस्त्या

काम छोटं असेल तर निम्मे आधी, निम्मे अंतिम फाइलच्या वेळी, हे पुरतं. मोठ्या कामाला तीन हप्ते बरे: ३० टक्के काम स्वीकारताना, ४० टक्के रेखाटन पक्कं झाल्यावर, उरलेले ३० टक्के अंतिम फाइल देताना. आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय चित्रकार काम सुरू करत नसेल तर तो अविश्वास दाखवतोय असं समजू नका; ती तारीख तो तुमच्यासाठी राखून ठेवतोय. तसंच सगळे पैसे आधीच देऊन टाकू नका. मी एकदा तेही केलंय. पहिल्या पुस्तकाची बोच होती म्हणून दुसऱ्या वेळी संपूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी पाठवली. चित्र चार महिने उशिरा आलं आणि मधल्या काळात तगादा लावायचा तर कोणत्या तोंडानं, हे मला कळेना. हप्ते दोन्ही बाजूंना बोलायला जागा ठेवतात.

अनोळखी चित्रकार असेल, तर कामाचे टप्पे पूर्ण होईपर्यंत पैसे मध्यस्थ म्हणून अडकवून ठेवणाऱ्या फ्रीलान्स वेबसाइट आहेत. त्या स्वतःचं कमिशन कापतात. ते कोणाच्या खिशातून जाणार, हे आधी बोला. चित्रकार दुसऱ्या देशात असेल तर चलन कोणतं, बँकेचं शुल्क कोण भरणार आणि कर कापला जाणार असेल तर हातात किती पडणार, हे तीन प्रश्न पहिल्या हप्त्याआधीच सुटले पाहिजेत. शेवटच्या हप्त्यात चार पैसे कमी पोचले की इतके दिवस छान चाललेल्या कामावर नाहक डाग पडतो.

आता दुरुस्त्या. भांडणं पैशांवरून होतात असं वाटतं, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा ‘अजून एक छोटासा बदल’ इथे असतं. रेखाटनाच्या टप्प्यावर माणूस डावीकडून उजवीकडे न्यायला दहा मिनिटं लागतात. रंगकाम झाल्यावर तेच करायचं म्हणजे प्रकाश, सावली, पार्श्वभूमी सगळं पुन्हा. म्हणून असं लिहा: सुरुवातीला दोन किंवा तीन रेखाटनं, निवडलेल्या रेखाटनावर दोन फेऱ्या, रंगीत चित्रावर एक फेरी, तीही रंग आणि बारीकसारीक तपशिलांपुरती, त्यापुढे प्रत्येक फेरीचे अमुक पैसे. एका फेरीत तुमचे सगळे मुद्दे एकत्र जायला हवेत. सकाळी एक निरोप, दुपारी दुसरा, रात्री “बायको म्हणते निळा जरा गडद करा” हे तीन निरोप म्हणजे तीन फेऱ्या, आणि चित्रकारानं तसं मोजलं तर त्याचं चुकत नाही.

काम मधेच थांबलं तर काय, हेही लिहा. माझा नियम सोपा आहे: ज्या टप्प्यापर्यंत काम झालं, त्या टप्प्याचे पैसे चित्रकाराचे, रेखाटनं आणि त्यांचे हक्कही चित्रकाराचेच. चित्रकारानं काम सोडलं तर न झालेल्या टप्प्याचे पैसे परत. यात कोणालाच खलनायक ठरवावं लागत नाही. माणूस आजारी पडतो, पुस्तक रखडतं, मन बदलतं.

चित्र कोणाचं?

हा भाग वाचायला कंटाळवाणा वाटेल, पण नेमका इथेच पुढे पश्चात्ताप होतो.

१८८६ च्या बर्न कराराखाली, म्हणजे कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, आलेल्या देशांत चित्र तयार झालं की कोणत्याही नोंदणीशिवाय त्यावर कॉपीराइटचा हक्क निर्माण होतो. तो सर्वसाधारणपणे चित्रकाराचा असतो. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रांबाबत काही देशांचे नियम वेगळे आहेत, म्हणून ‘कायद्यात असेल तसं’ यावर विसंबू नये. अमेरिकेच्या कायद्यात बाहेरच्या कलाकाराचं काम ‘वर्क फॉर हायर’, म्हणजे पहिल्यापासूनच काम सांगणाऱ्याच्या मालकीचं, ठरायला लेखी करार लागतो आणि तेही कायद्यानं ठरवून दिलेल्या प्रकारांतच बसावं लागतं. जर्मनीत कॉपीराइट विकताच येत नाही, फक्त वापराचे अधिकार देता येतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता. म्हणजे नुसतं ‘सर्व हक्क लेखकाकडे’ अशी ओळ लिहून निर्धास्त झालेल्या माणसाचे हक्क सहाव्या वर्षी त्याच्याकडे असतीलच असं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मुदत आणि प्रदेश शब्दांत लिहिणं भाग आहे.

बहुतेक लेखकांना संपूर्ण हक्क विकत घ्यायची गरजच नसते, आणि ते मागितले की फी वाढते. गरज असते ती वापराच्या परवानगीची. तिच्यात पुढच्या गोष्टी याव्यात: कोणतं पुस्तक, छापील, ई-बुक, ऑडिओ यांपैकी काय, कोणत्या भाषांतल्या आवृत्त्या, जगभर की मर्यादित, किती वर्षं, पुस्तकाच्या प्रचारासाठी वापर, आणि हे चित्र दुसऱ्या पुस्तकावर दिलं जाणार नाही ही हमी. मी मागतो ती परवानगी अशी: या पुस्तकाच्या सर्व स्वरूपांसाठी आणि प्रचारासाठी, जगभर, पुस्तक विक्रीत असेपर्यंत, इतर कोणत्याही पुस्तकावर न देण्याच्या अटीसह. मूळ कागदावरचं चित्र चित्रकाराचंच राहतं. ते हवं असेल तर त्याची किंमत निराळी. पुढे एखाद्या प्रकाशकाला पुस्तक द्यायचं झालं तर ही परवानगी त्याच्याकडे जाईल का, तेही आत्ताच विचारा.

पैसे पूर्ण दिले तरी चित्रकाराचं नाव पुसता येत नाही आणि चित्राची मोडतोड करता येत नाही. हे नैतिक हक्क बर्न करारात १९२८ मध्ये आले. संध्याकाळची खिडकी संगणकावर दुपारची करायची असेल तर आधी विचारा.

कागदावर काय हवं

वकिली भाषा लागत नाही. एका पानाचा मजकूर, दोघांच्या सह्या, तारीख. त्यात कामाचं वर्णन, टप्पे आणि तारखा, रक्कम आणि हप्ते, दुरुस्तीच्या फेऱ्या, परवानगीची व्याप्ती, श्रेय कसं छापायचं, कोणत्या फाइल मिळणार, थांबल्यास काय, एवढं यावं. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर परवानगी लागू होईल’ ही ओळ चित्रकार घालेल, घालू द्या. मोठी रक्कम किंवा संपूर्ण हक्कांचा व्यवहार असेल तर मात्र वकिलाला दाखवा.

आणखी तीन ओळी हल्ली मी आवर्जून घालतो. एक, फॉन्टबद्दल. संगणकात फॉन्ट आहे म्हणजे तो व्यावसायिक वापराला मोकळा आहे असं नाही. परवाना कोणाच्या नावानं आहे ते लिहून घ्या. मुक्ता, बलू यांच्यासारखे ओपन फॉन्ट लायसन्सखालचे देवनागरी फॉन्ट छपाईला बिनधास्त वापरता येतात. दोन, विकतच्या छायाचित्रांबद्दल. चित्रात ती वापरली असतील तर परवाना पुस्तकाच्या मुखपृष्ठाला चालतो का आणि किती प्रतींपर्यंत, ते बघा. ‘फक्त संपादकीय वापर’ असं लिहिलेलं छायाचित्र मुखपृष्ठावर घेता येत नाही. तीन, एआयबद्दल. तुम्ही माणसाच्या हाताचे पैसे देत असाल तर तसं स्पष्ट लिहा. अॅमेझॉनची केडीपी ही स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सेवा सप्टेंबर २०२३ पासून मुखपृष्ठासह कुठेही एआयनं तयार केलेलं चित्र असेल तर जाहीर करायला लावते, आणि अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय मानवी निर्मिती नसलेल्या भागाला संरक्षण देत नाही.

फाइल हातात घेताना

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी फाइल तपासायची असते. वॉटरमार्क असलेली किंवा कमी रिझोल्यूशनची प्रत बघून रचना तपासा, पैसे द्या आणि मग मूळ फाइल घ्या, हा सर्वांत सरळ क्रम.

छपाईसाठी अंतिम आकारात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० बिंदू), मुद्रकानं सांगितलेल्या रंगपद्धतीत, बहुधा सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, आणि चारी बाजूंना साधारण ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) असलेली पीडीएफ. पडद्यावरचा झगझगीत निळा सीएमवायकेत मंदावतो, तेव्हा मुद्रकाकडून एक रंगीत प्रूफ काढून ते चित्रकाराला दाखवा. ई-बुकसाठी आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतली, जेपीजी; केडीपीचा आदर्श आकार २५६० × १६०० पिक्सेल आहे, उंची आधी. ऑडिओबुक काढणार असाल तर चौकोनी मुखपृष्ठ लागतं. तेही त्याच वेळी करून घेतलं तर स्वस्तात पडतं.

कण्याकडे विशेष लक्ष द्या. कण्याची जाडी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. केडीपीच्या हिशेबानं पांढऱ्या कागदाचं एक पान ०.००२२५२ इंच आणि क्रीम कागदाचं ०.००२५ इंच. म्हणजे २४० पानांना पांढऱ्या कागदावर कणा सुमारे १३.७ मिलिमीटर आणि क्रीमवर १५.२ मिलिमीटर. ऐनवेळी कागद बदलला तर दीड मिलिमीटर सरकतो आणि कण्यावरचं नाव घडीवर चढतं. म्हणून अक्षरजुळणी संपून पानं पक्की झाल्यावरच कण्याची अंतिम फाइल मागा. आधी मागून नंतर बदल करून घेतला तर तो जास्तीच्या फेरीत धरला जाईल, आणि तो धरायलाच हवा.

देवनागरी अक्षरांचा एक खास धोका आहे. मुद्रकाच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं सुटतात. ‘दुष्टचक्र’मधला ष्ट मोडून ष् आणि ट वेगळे उभे राहतात. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्येच २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. उपाय म्हणजे छपाईच्या फाइलमध्ये सगळी अक्षरं कर्व्ह करून घ्यायची, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायचे. त्यानंतर मलपृष्ठावरचा मजकूर बदलता येत नाही, म्हणून कर्व्ह करायच्या आधी कोणातरी तिसऱ्या माणसाकडून तो वाचून घ्या. लेखकाला स्वतःच्या मलपृष्ठावरची चूक दिसत नाही.

शिवाय ओपन फाइल, म्हणजे थर वेगळे असलेली आणि अक्षरं बदलता येणारी. ती आपोआप मिळत नाही. बरेच कलाकार ती देत नाहीत किंवा वेगळे पैसे घेतात, कारण तिच्यात त्यांची पद्धत उघडी पडते. मिळाली तर उत्तम. नाहीतर ‘पुढच्या आवृत्तीत कण्याचा आणि मजकुराचा बदल अमुक रकमेत करून मिळेल’ असं लिहून घ्या. माझ्या त्या पहिल्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा एक कथा वाढली होती, कणा जाड झाला होता आणि माझ्याकडे होती फक्त एक जेपीजी. मी त्याच चित्रकारांना पत्र लिहिलं. त्यात आधी पहिल्या कामाची राहिलेली रक्कम किती समजायची ते विचारलं, आणि मग नव्या कामाची फी. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले. मी दोन्ही एकदम पाठवले. फाइल आठवड्यात आली.

पैसे चुकते करण्याचा दिवस

अंतिम फाइल उघडून बघितली, ठीक आहे, मग त्याच दिवशी हप्ता पाठवा. पुस्तक छापून येण्याची, प्रकाशन समारंभाची किंवा पहिल्या विक्रीची वाट बघू नका. पावती मागा आणि करारपत्राबरोबर एका ठिकाणी ठेवा. पाच वर्षांनी भाषांतराची आवृत्ती निघेल तेव्हा हेच दोन कागद शोधावे लागतात.

श्रेयाच्या पानावर ‘मुखपृष्ठ:’ पुढे चित्रकाराचं नाव, त्यांनी सांगितलेल्या शुद्धलेखनात. मांडणी आणि अक्षरलेखन दुसऱ्या कोणाचं असेल तर त्यांचंही. पुस्तकाची जाहिरात करताना मुखपृष्ठ टाकाल तेव्हा नाव तिथेही द्या. लेखकाच्या प्रती आल्या की निदान दोन चित्रकाराकडे पाठवा: एक घरात ठेवायला आणि एक पुढच्या लेखकाला दाखवायला.